कारण : इतर

बाईंनी बावीस वर्षं चौकटीच्या कागदावर तो कारखाना चालवला. यंत्रांवर हात दुसऱ्यांचे होते, पण कोणत्या भांड्यात कोणता रंग कधी पडायचा हे ठरवणारी पेन्सिल बाईंची. कारखाना शिवणाच्या धाग्याला रंग देण्याचा. माणसाच्या खांद्याएवढी सहा पोलादी भांडी, वर जाडजूड झाकणं. आत धाग्याच्या रिळांचे मनोरे उभे करायचे, झाकण आवळायचं आणि उकळत्या पाण्याहूनही जास्त तापलेल्या रंगात दाबाखाली ते शिजवायचे. फिकट रंग आधी, गडद मागून, काळा सगळ्यांत शेवटी. कारण काळ्यानंतर भांडं धुण्यात अर्धा दिवस जातो. एवढं कुणीही सांगेल. पण चार नंबरच्या भांड्यात गुलाबी कधी सरळ येत नाही, दुसऱ्या पाळीतला एक जण लाल आणि किरमिजीत हटकून गोंधळतो, अमक्या गिऱ्हाइकाची ‘फार घाई’ म्हणजे अजून तीन दिवस आहेत, हे बाईंनाच ठाऊक. बाई रजेवर गेल्या की कारखान्याला सर्दी होते, असं लोक म्हणत.

तीन वर्षांपूर्वी तिथे वेळापत्रक लावणारा प्रोग्राम आला. तो बसवायला आलेला माणूस चाळिशीचा, हळू बोलणारा होता. बाईंच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून तो दोन आठवडे बसला. त्याने समजावलं ते असं : रोजचा बेत प्रोग्राम आपणच आखेल. बाईंना एखादी गोष्ट पटली नाही तर त्यांनी ती बदलायची. बदलली की प्रोग्राम कारण विचारेल, समोर आलेल्या यादीतून कारण निवडायचं. असं करत करत तो बाईंकडून शिकेल. यादीत पाच कारणं होती. यंत्र बंद, माल नाही, माणूस नाही, गिऱ्हाइकाची घाई, आणि इतर.

आधी बाईंना हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार वाटला. पण मनातून त्या सुखावल्याही. बावीस वर्षांत कुणी त्यांच्याकडून काही शिकायला म्हणून बसलं नव्हतं. साहेबांना बेत हवा असे, तो कसा होतो हे नको असे.

तसं शिकवणं त्यांना अगदीच नवीन नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा धाकटा दीर अकरा वर्षांचा होता, आई नसलेला. त्याचे पाढे त्यांनी पाठ करून घेतले, त्याच्या शर्टाची बटणं त्यांनी लावली, पुढे त्याचं लग्नही त्यांनीच जमवलं. कारखान्यातही त्याला त्यांनीच चिकटवलं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून कंपनीने बाईंच्या नावावर दिलेल्या दोन खोल्यांत तिघं राहत होती : बाई, धाकटा आणि त्याची बायको. जावा-जावांचं पटतं म्हणून शेजारच्या बायकांना नवल वाटे.

आता भांडं थंड करण्याचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच घडलं.

रंग मुरला की भांड्याभोवती चाळीस मिनिटं थंड पाणी फिरवायचं. मग आतला रंग सोडून द्यायचा, दाबाचा काटा शून्यावर आलेला बघायचा आणि मगच झाकण उघडायचं. हा नियम. पण गिऱ्हाइकाचा ट्रक दारात येऊन उभा राहिला की साहेब बाईंच्या खोलीत येत आणि काही न बोलता खिडकीपाशी उभे राहत. त्या न बोलण्याचा अर्थ बाईंना बरोबर कळे. मग त्या तीन नंबरच्या भांड्यावर दादांना फोन लावत. दादा त्या भांड्यावर एकोणतीस वर्षं होते.

पंचवीस मिनिटांत जमेल का, असं बाई विचारत. दादा लगेच उत्तर देत नसत. फोन बाजूला ठेवून ते भांड्याखालच्या नळीला ओलं फडकं लावून बघत, कान देऊन आतला आवाज ऐकत. भांडं अर्धंच भरलेलं असलं, हवा गार असली, तर ‘जमवू’ म्हणत. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच कोमट असे. तेव्हा म्हणत, “नाही बाई, ट्रकला चहा पाजा.” आणि बाई साहेबांचं तोंड चुकवत ट्रकवाल्याला खरोखर चहा पाजत.

प्रोग्राम आल्यावरही हे चालूच राहिलं. दादांनी होकार दिला की बाई चाळीसचे पंचवीस करत. प्रोग्राम कारण विचारे. फोन, ओलं फडकं, दादांचं ‘जमवू’, यातलं काहीच यादीत नव्हतं. गिऱ्हाइकाची घाई लिहावं तर साहेब विचारणार, घाई रोजचीच कशी? बाई ‘इतर’वर बोट ठेवत आणि वेळ मारून नेत. दादा नाही म्हणाले की बदलायला काही नसे, म्हणून नोंदही होत नसे. असे दादांचे होकार तेवढे त्या प्रोग्रामच्या पोटात जमत गेले. नकारांचा मागमूसही राहिला नाही.

वर्षभरात प्रोग्राम तयार झाला. चार नंबरला गुलाबी द्यायचा त्याने आपणहून बंद केलं. सुरुवातीला बाई दिवसाला तीस बदल करत, ते दोनांवर आले. पाहुणे आले की साहेब त्यांना बाईंच्या टेबलाशी आणून सांगत की यांचंच डोकं आता त्या डब्यात बसलंय. बाई लाजत, पण घरी येऊन जावेला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

मग दादा निवृत्त झाले. कारखान्याने त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. तीन नंबरच्या भांड्यावर धाकटा आला. बाईंनीच साहेबांकडे शब्द टाकला होता, कारण त्या भांड्यावरच्या माणसाला मान होता. त्याच सुमारास बाईंचं काम बदललं. बेत आता थेट भांड्याजवळच्या पडद्यावर जाऊ लागला आणि बाई गिऱ्हाइकांच्या मागण्या तपासण्याच्या टेबलावर आल्या. सकाळी एकदा बेतावर नजर टाकायची, एवढंच त्यांच्याकडे उरलं. दादांना जायचा तो फोन बंद झाला, पण त्याने काही तुटलं असं कुणाला वाटलंही नाही.

उन्हाळा चढला. एक दिवस दुपारच्या पाळीला निघण्याआधी धाकटा जेवायला बसला होता. तो म्हणाला की पडद्यावर हल्ली रोज पंचवीसच मिनिटं येतात. तेवढ्यात भांडं थंड होत नाही, झाकण सैल करताना कडेने वाफ फुसफुसते. थांबावं तर पडदा लाल होतो आणि जितकी मिनिटं थांबलं तितकी त्याच्या नावावर साहेबांच्या कागदात जातात.

“वहिनी, तुम्ही जरा बघता का?”

त्या दिवशी बाईंना कशाची तरी घाई होती. कशाची, ते नंतर त्यांना किती आठवूनही आठवलं नाही. त्या म्हणाल्या, “दादांनी जन्मभर पंचवीसमध्ये केलं. नळीला फडकं लावून बघत जा. इतका काय घाबरतोस?”

जावेने वर बघितलं. धाकटा हसला आणि म्हणाला की दादांच्या हाताला डोळे होते, आपल्या हाताला नुसती बोटं आहेत. मग डबा उचलून तो गेला.

बाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीन नंबरचे पंचवीस खोडून चाळीस केले. प्रोग्रामने कारण विचारलं. यादी तीच होती. त्यांनी ‘इतर’ निवडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस, त्यांनी पुन्हा चाळीस केले. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. साहेब फोनवर होते. हात फोनवर ठेवून त्यांनी ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले की हे तुम्हीच शिकवलंय त्याला, आता तुमचाच चेला तुम्हाला आवडेना झाला का? बाईही हसल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा विषय काढू असं ठरवून त्या टेबलावर परतल्या. तिथे मागण्यांचा ढीग होता. त्या दिवशी त्यांनी बेत उघडलाच नाही. त्यानंतरच्या दिवसांत उघडला, पण तीन नंबरच्या ओळीवर नजर थांबू दिली नाही.

बारा दिवसांनी, दुपारी पावणेपाचला ते झालं. काळ्या रंगाचा पूर्ण भरलेला लॉट होता. पडद्यावरची पंचवीस मिनिटं संपून पाच मिनिटं वर गेली होती. म्हणजे धाकटा थांबला होता, त्याने थांबून बघितलं होतं. काटा शून्यावर दिसत होता. पण काट्याकडे जाणारी बारीक नळी रंगाच्या गाळाने तुंबलेली होती आणि आत दाब होता. दाब असेपर्यंत झाकण उघडू नये म्हणून एक खिट्टी असते, ती झिजलेली होती. दोन्हींची कुणाला कल्पना नव्हती. चाळीस मिनिटं गेली असती तर दोन्हींवाचून काही अडलं नसतं.

आवाज फार मोठा झाला नाही. पोत्यातून धान्य ओतावं तसा, आणि तो थांबेना. बाई धावत गेल्या तेव्हा भांड्यांच्या खोलीत पांढरी वाफ आणि जमिनीवर काळं पाणी होतं. लोकांनी धाकट्याला ओढून नळाखाली बसवलं होतं. त्याचं तोंड, छाती, दोन्ही हात पोळले होते. तो ओरडत नव्हता. माझा चष्मा कुठंय, असं तो एकसारखं विचारत होता. त्याने आयुष्यात कधी चष्मा लावला नव्हता.

तो वाचला. सात आठवडे दवाखान्यात होता. हातांची बोटं आखडली. डोळे गेले.

जाऊ दवाखान्यातच राहायची. बाई सकाळी डबा घेऊन जायच्या, तिथून कामाला, संध्याकाळी परत दवाखान्यात. पंचवीस मिनिटांबद्दल दोघींत एक अक्षर निघालं नाही. जावेला काय माहीत आहे आणि काय नाही, हे बाईंना कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

पाचव्या आठवड्यात साहेब कागद घेऊन आले. सरकारी चौकशी व्हायची होती. कागदावर लिहिलं होतं की थंड करण्याचा नियम चाळीस मिनिटांचा आहे, तो मला माहीत होता, मी घाईने तिसाव्या मिनिटाला झाकण उघडलं. धाकट्याने हे मान्य केलं तर कंपनी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही, त्याच्या बायकोला रिळं भरण्याच्या खात्यात कायमचं काम देईल, असं साहेबांनी सांगितलं. बोलताना ते खरोखर कळवळले होते. धाकट्याने कागद वाचून दाखवायला लावला आणि तो हो म्हणाला. त्याला सही करता येत नव्हती, म्हणून त्याच्या वतीने जावेने केली.

साहेब गेल्यावर जाऊ पाणी आणायला बाहेर गेली. तेव्हा धाकटा हळूच म्हणाला, “वहिनी, आता तुमच्यावर काही येणार नाही.”

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. पडद्यावरचे पंचवीस कुठून आले, हे त्याने कधीच ओळखलं होतं. बाई पलंगाची दांडी धरून उभ्या राहिल्या.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. चौकशी अधिकारी वयस्कर, थकलेला माणूस होता. सारखा घाम पुसत होता. प्रोग्रामवालाही त्याचा संगणक घेऊन आला होता. बाईंना बोलावलं ते नावापुरतंच. अधिकाऱ्याने विचारलं की थंड करण्याचा नियम किती मिनिटांचा?

बाई म्हणाल्या, चाळीस. उत्तर खरं होतं. तेवढ्यावर उठून जाता आलं असतं. अधिकाऱ्याने पेनाचं टोपणही लावलं होतं.

“पण पडद्यावर पंचवीस यायचे,” बाई म्हणाल्या. “ते मी शिकवलेत.”

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. बाईंनी सगळं सांगितलं. खिडकीपाशी उभं राहणं, दादांचा फोन, ओलं फडकं, धाकट्याने जेवताना विचारलं होतं ते, आणि त्यावर आपण काय बोललो तेही. अधिकाऱ्याने प्रोग्रामवाल्याला नोंदी काढायला सांगितल्या. त्या निघायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चाळीसचे पंचवीस : दोनशे चौदा वेळा. कारण, इतर. पंचवीसचे चाळीस : तीन वेळा. कारण, इतर.

अधिकारी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “धोका असं कारण यादीत नव्हतं?”

“कुणी मागितलं नाही,” प्रोग्रामवाला म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याचा चेहरा पार उतरला होता. नंतर जिन्यात त्याने बाईंना थांबवून सांगितलं की चाळीसच्या खाली जाऊ नये असं कुलूप पहिल्याच दिवशी लावता आलं असतं. एका मिनिटाचं काम होतं. आता सगळ्या भांड्यांना लावलं आहे. हे सांगून आपलं मन हलकं होईल असं त्याला वाटलं असावं. बाईंनी मान हलवली आणि त्या जिना उतरल्या.

निकाल दोन महिन्यांनी आला. चूक तिघांत वाटली होती. कंपनीने खिट्टी आणि काटा वेळच्या वेळी तपासला नव्हता, कामगाराने खात्री न करता झाकण उघडलं, आणि नियोजन करणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रणालीला चुकीची सवय लावली. प्रणालीबद्दल एकच वाक्य होतं : तिला दिलेल्या माहितीनुसार तिने योग्य काम केले. साहेबांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली. बाईंना कामावरून काढलं, आणि त्यांच्या नावावरच्या दोन खोल्या तीस दिवसांत रिकाम्या करायला सांगितलं. जावेच्या कामाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

ते पत्र जावेने वाचलं. मग ती बाईंसमोर येऊन बसली. तिचा आवाज चढला नव्हता.

“ताई, त्यांनी स्वतःवर घेतलं होतं. माझी सही होती त्याच्यावर. मला काम मिळत होतं, डोक्यावर छप्पर होतं. तुम्हाला मन मोकळं करायचं होतं, तर माझ्याजवळ करायचं.”

बाई म्हणाल्या की त्याची चूक नसताना ती जन्मभर त्याच्या नावावर राहिली असती.

“आणि आता?” जाऊ म्हणाली. “आता काय वेगळं झालं?”

आतल्या खोलीतून धाकट्याने बायकोला हाक मारली. वहिनींना काही बोलू नकोस, एवढंच तो म्हणाला. मग बाई आत गेल्या आणि त्याच्या पलंगाशी बसल्या. त्याने विचारलं, का सांगितलंत? बाईंनी जावेला दिलेलं उत्तर त्यालाही दिलं.

“वहिनी, डोळे काही परत येणार नव्हते. तुमची नोकरी राहिली असती तर मला बरं वाटलं असतं. मला तेवढंच करता येत होतं.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. आपण खरं बोललो ते त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहिला. त्या खरं बोलल्या नसत्या तर काय, हेही त्यांनी मनाशी पुष्कळदा मांडून बघितलं. कसंही मांडलं तरी भोगायला कुणीतरी उरतच होतं.

महिन्याअखेरीस जावेचा भाऊ टेम्पो घेऊन आला. भांडीकुंडी निम्मी-निम्मी झाली. वाटण्या जावेनेच केल्या आणि एक चमचाही जास्त घेतला नाही. धाकट्याला दोघांनी धरून टेम्पोत बसवलं. बाईंनी स्वतःसाठी बाजाराच्या मागे एक खोली घेतली आणि शिंप्याच्या दुकानात हिशोबाने कापड कापून देण्याचं काम धरलं. दादा एकदा येऊन भेटून गेले. जाताना म्हणाले, मी कुणाला शिकवून गेलो नाही, मलाही तेवढीच शिक्षा व्हायला हवी होती. बाईंनी त्यांना तसं बोलू नका म्हटलं. पण ते खोटं आहे असं म्हणवलं नाही.

दर गुरुवारी दुकान बंद असतं. बाई दोन बस बदलून जावेच्या भावाच्या घरी जातात. पहिले तीन गुरुवार जावेने दार उघडून फक्त ‘झोपलेत’ म्हणून सांगितलं. चौथ्या गुरुवारी तिने आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. ती स्वतः बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात पाठ टेकून उभी राहिली.

धाकटा खिडकीपाशी बसला होता. त्याने रेडिओवर ऐकलेल्या बातम्या सांगितल्या. शेजारी नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांचा मुलगा बेसूर गातो आणि वर स्वतःच टाळ्या वाजवतो, हे सांगताना तो पूर्वीसारखा हसला. बोलताना त्याचं तोंड बाईंच्या बरंच डावीकडे, भिंतीकडे वळलेलं होतं. बाई तिथेच आहेत अशा समजुतीने तो भिंतीला सगळं सांगत होता. इकडे वळ, असं बाईंच्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी आवाज न करता खुर्ची उचलली, तो जिथे बघत होता तिथे नेऊन ठेवली, आणि त्या तिथे बसल्या.